सोलापुरातली बंद खाण: भरायची, पाणी साठवायचं की गवत-झाडी लावायची?

हिशेबासाठी एक खाण धरू. एक एकर, तीस फूट खोल, भिंती सरळ, तळाला कठीण काळा पाषाण. मोहोळ असो की दक्षिण सोलापूर, खडी क्रशरच्या मागे अशी खाण दिसतेच. खाणपट्ट्याची, म्हणजे खोदायच्या परवान्याची, मुदत संपत आली की मालकापुढे तीन वाटा उरतात. कुठलीही धरली तरी रुपयांच्या आधी ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) मोजावेत, कारण दर गावागणिक बदलतात, घनफूट बदलत नाहीत.

बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा येते ती भरणी. जमीन पुन्हा सपाट होईल, पिकाखाली येईल, ही आशा असते. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. तीस फुटांनी गुणले की १३,०६८ ब्रास. हायवातून, म्हणजे मोठ्या टिपरमधून, सैल आलेला मुरूम दबल्यावर खाली बसतो, म्हणून पाव हिस्सा जादा धरा: १६,३०० च्या पुढे. पाच ब्रासचा हायवा धरला तर सव्वातीन हजार खेपा. रोज वीस खेपा पडल्या तरी साडेपाच महिने गाडी थांबत नाही. शिवाय मुरूम हेही गौण खनिजच. तो आणायचा तर दुसरीकडे खोदायचे, त्याची परवानगी आणि स्वामित्वधन (सरकारला द्यायची रॉयल्टी) वेगळे. एक खड्डा बुजवायला दुसरा खड्डा! तरी लोक अंदाजपत्रकात ‘भरणी, एकरकमी’ असे लिहून मोकळे होतात.

फताटेवाडीच्या १,३२० मेगावॅटच्या वीज प्रकल्पाची राख भरणीला घ्यावी, असेही सुचवले जाते. राखेतून जड धातू पाण्यात उतरू शकतात, आणि आपल्याकडे खाणीशेजारी विहीर नाही असे क्वचित असते. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीशिवाय त्या वाटेला जाऊ नये. परवानगी मिळाली तरी वर मातीचा जाड थर लागेल, नाहीतर उन्हाळी वाऱ्यात अर्धी राख शेजारच्या डाळिंबावर बसेल. भरणी मला फक्त आठ-दहा फुटांच्या उथळ खाणीला पटते, तीही वरचा मुरूम-माती बांधावर राखून ठेवली असेल तर.

पाण्याचा पर्याय कागदावर सगळ्यात स्वस्त. खड्डा तयारच आहे, पावसाने भरेल, असे वाटते. वीस फूट पाणी उभे करायचे तर सुमारे २ कोटी ४७ लाख लिटर हवे. सोलापूरचा पाऊस ५५० मिलिमीटर धरला तर एका एकरावर थेट पडणारे पाणी २२ लाख लिटर, म्हणजे दहावा हिस्साही नाही. उरलेले बाहेरून ओघळाने आणावे लागते. माळावर पडलेल्या शंभर लिटरमागे पंधरा वाहून आले असे मानले तरी सत्तरएक एकराचे पाणलोट खाणीकडे वळायला हवे. एप्रिल-मेमध्ये ऊन किती पिते, ते यात धरलेलेच नाही. त्यामुळे खाणीपाशी मोठा ओघळ येतो का, आणि तो वळवल्यावर खालच्या शेतकऱ्याचा हक्क जातो का, हे आधी पाहा. खडकाला भेगा असतील तर पाणी थांबणार नाही, पण खालच्या विहिरींना मिळेल. तेही वाईट नाही.

सरळ भिंतीच्या खोल पाण्यात पोहायला उतरणारी पोरे बुडतात, हे दरवर्षी वाचतो. म्हणून एका बाजूने उतार काढणे आणि चारी बाजूंनी कुंपण हा खर्च सक्तीचाच समजा. एकराचा घेर सुमारे ८३५ फूट. दहा फुटांवर एक खांब म्हणजे ८४ खांब.

तिसरी वाट गवत-झाडीची. तळावर सगळीकडे फूटभर माती पसरायची तर ४३५ ब्रास. तेवढी नको असेल तर तीन मीटर अंतरावर सुमारे ४५० रोपे, प्रत्येकाला दोन फुटी खड्डा किंवा मातीचा ओटा. माती लागते फक्त ३६ ब्रास, म्हणजे आठ खेपा! पैसा जातो तो पुढे, पाणी घालण्यात. आठवड्याला रोपामागे दहा लिटर म्हणजे पाच हजार लिटरचा एक टँकर. नोव्हेंबर ते जून, तीन वर्षे, मिळून शंभराच्या आसपास टँकर. ठेकेदार पहिल्या वर्षाचा दर देतो आणि पुढचे दोन उन्हाळे तुमच्यावर सोडतो. कडुनिंब, बोर, हिवर, सीताफळ तग धरतात.

पण प्रत्येक ठिकाणी झाडेच हवीत असे नाही. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ पासून आहे, आणि तो पक्षी उघड्या माळाचा आहे. त्या बाजूला मारवेल, पवन्यासारखे गवत लावणे शहाणपणाचे आणि स्वस्तही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०२० मध्ये खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत आणण्याची अट घालायला सांगितले आहे.

माझ्या मते या एकराला सखल कोपऱ्यात छोटे तळे, बाकी तळावर गवत आणि कडेला पायऱ्या काढून त्यांवर झाडे, हे जमते. मोठा ओघळ असेल तरच पूर्ण पाणी.

खाण अजून चालू असेल तर पैसा आत्ताच बाजूला काढा. आज १० लाखांचे काम पाच वर्षांनी करायचे, दर वर्षाला ६ टक्क्यांनी वाढले, तर १३ लाख ३८ हजार लागतील. तेवढे १३,०६८ ब्रासवर वाटले की ब्रासमागे १०२ रुपये पडतात. खडीचा भाव ठरवताना ते त्यातच धरायचे आणि वेगळ्या खात्यात टाकायचे.