सात पिनांचा प्लग आणि खारा वारा: २२ फुटी ट्रेलरचा आठ महिन्यांनंतरचा अनुभव

ऑक्टोबरमध्ये घेतलेल्या, गाडीमागे ओढून न्यायच्या आमच्या राहत्या ट्रेलरला आता आठ महिने झाले. जूनमध्ये माझे आई-बाबा गुहागरहून आल्यावर आम्ही पाच जणांनी त्यातून अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याचा किनारा, उत्तरेच्या अ‍ॅस्टोरियापासून कॅलिफोर्नियाच्या सीमेलगतच्या ब्रुकिंग्जपर्यंत, १०१ क्रमांकाच्या महामार्गाने पाहिला. पलंग, फ्रिज आणि टाक्यांची माहिती सर्वत्र मिळते, म्हणून ती देत नाही. मला लिहायचे आहे ते गाडी आणि ट्रेलर यांना जोडणाऱ्या सात पिनांच्या प्लगविषयी, कारण ट्रेलरचे ब्रेक, दिवे आणि बॅटरीचे चार्जिंग हे सारे त्यातूनच चालते.

कॅनन बीच मागे टाकून निआकानी डोंगराच्या कड्यावरून जाताना गाडीच्या पडद्यावर ‘ट्रेलर जोडलेला नाही’ अशी सूचना आली. याचा अर्थ असा, की मागचे पाच हजार पौंड आता केवळ गाडीच्या ब्रेकवर उतरणार होते. उतार सुरू होण्यापूर्वीच समुद्राकडच्या थांब्यावर मी गाडी घेतली आणि बाबांनी चाकांखाली ठोकळे लावले. प्लग काढून पाहिला, तर पांढऱ्या आणि निळ्या तारेच्या, म्हणजे अर्थिंग व ब्रेकच्या, खाचांतील पट्ट्यांवर हिरवट पूड साचलेली होती. आई वाकून म्हणाली, “बिनकल्हईच्या पितळेसारखं कळकलंय हे.” तिचे निदान अचूक होते. तिच्याच पर्समधल्या नखे घासायच्या पट्टीने मी त्या खाचा खरवडल्या, प्लग पुन्हा बसवला आणि सूचना गेली. तरीही त्या सपाट जागेत गाडी हळू पुढे घेऊन ब्रेक कंट्रोलरची, म्हणजे गाडीतून ट्रेलरचे ब्रेक लावणाऱ्या यंत्राची, कळ हाताने दाबली, आणि ट्रेलरने मागे ओढून धरल्याचे जाणवल्यावरच उतार उतरले.

मला राग याचा आहे, की हीच सूचना मार्चमध्ये दोनदा आली होती. ज्यांच्याकडून ट्रेलर घेतला, त्या विक्रेत्याने तो चार दिवस ठेवून घेतला, दोष तुमच्या गाडीत आहे असे सांगितले आणि तपासणीचे १८५ डॉलर घेतले. प्लग झिजणारा भाग असल्याने तो वॉरंटीत बसत नाही, असेही त्यांनी ऐकवले. त्या वेळी हा ट्रेलर कोणी घेऊ नये, असे लिहायला मी बसले होते.

ते मत मी आता मागे घेते. न्यूपोर्टजवळच्या साउथ बीचवर दोन दिवस आडवा पाऊस झोडपत होता, तरी खिडक्यांतून किंवा छताच्या सांध्यांतून थेंबही आत आला नाही. पुढे हेसिटा हेडजवळच्या वळणांवरही ट्रेलर झुलला नाही. हिचवरचे, म्हणजे गाडी आणि ट्रेलर यांच्या जोडावरचे, वजन ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १२ टक्क्यांच्या आसपास ठेवल्याचा तो परिणाम आहे. आईने थालीपिठे लावली तेव्हा धूर मात्र पुष्कळ झाला, कारण वरचा पंखा फारच दुबळा आहे. १९६७ च्या कायद्यामुळे इथल्या वाळूवर सर्वांना फिरता येते, हे बाबांना इतके आवडले की ते प्रत्येक मुक्कामी पहाटेच चालायला निघत.

तक्रार उरते ती प्लगचीच. ट्रेलर उभा असताना तो त्याच्या दांड्यावर उघडाच लोंबकळतो, आणि साधे टोपण किंवा अडकवण्याची जागा कंपनीने दिलेली नाही. किनाऱ्यावर नेणार असाल, तर पहिल्याच दिवशी टोपण घ्या, मुक्कामी प्लगचे तोंड खाली ठेवा आणि आतल्या पट्ट्यांना डायइलेक्ट्रिक ग्रीस, म्हणजे ओल रोखणारे वंगण, लावा. मी नवा प्लग १८ डॉलरला आणून अर्ध्या तासात स्वतः बसवला; तारा केवळ रंग पाहून नाही, तर प्रत्येकीचे काम तपासून जोडायच्या असतात. ट्रेलर पुन्हा घ्यायचा झाला, तर हाच घेईन, पण त्या विक्रेत्याकडून नाही. १८५ डॉलर परत मिळावेत म्हणून त्यांना काढलेल्या प्लगच्या छायाचित्रांसह पत्र पाठवले आहे.