अकरा हजारांचं वावरातलं जनावर

मागच्या पावसाळ्यात मी अकरा हजार रुपये मोजून एक साप विकत घेतला. लोक हसतील म्हणून ही गोष्ट फार कुणाला सांगितली नव्हती. पण परवा गल्लीतला एक बारावीचा पोरगा दुकानात आला, मोबाइल पुढं केला आणि म्हणाला, "भैया, बॉल पायथन, फक्त आठ हजार." फोटोतला साप मी नंतर पाहिला, आधी डबा ओळखला. भोकं पाडलेला श्रीखंडाचा डबा, हिरव्या झाकणाचा. म्हणून लिहायला बसलो.

मी परभणीचा, मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. साप पाळायचं वेड व्हिडिओ बघून लागलं आणि दोन वर्षं मी नुसता अभ्यास केला. बॉल पायथन मूळचा आफ्रिकेतला, बिनविषारी, चार-पाच फुटांपलीकडं सहसा जात नाही, नीट सांभाळला तर 20-30 वर्षं जगतो. पेटीची एक बाजू 31-32 अंश, दुसरी 26 च्या आसपास, हवेत 60 टक्के ओल. सगळं तोंडपाठ. परदेशातली मंडळी हीटिंग पॅडचं कौतुक करायची तेव्हा मला हसू यायचं. आपल्याकडं मे महिन्यात पारा 43 ला टेकतो, लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही. पेटी तापवायची कशाला, थंड कशी ठेवायची हाच घोर. त्यासाठी मी माठाशेजारचा कोनाडा ठरवून ठेवला होता. आई म्हणायची, "त्या कोनाड्यात देव ठिव की रे."

कायदाही माहीत होता. आपल्याकडचा कुठलाच साप घरात पाळता येत नाही, 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. बॉल पायथनसारखा परदेशी साप पाळता येतो, पण 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद लागते. म्हणून विकणाऱ्याला मी सगळ्यात आधी कागदच मागितला. त्यानं पाच मिनिटांत पाठवला. तीन सिंह, गोल शिक्का, सही. माझी शंका तिथंच मेली.

तो बोलायचाही किती जाणकारासारखं! "आठ दिवस हात लावू नका भाऊ, नव्या जागेत बावरतो." खरं आहे. "खाल्लं नाही तर घाबरू नका, हे महिना-दोन महिने उपाशी राहतात." हेही खरं आहे, मी स्वतः वाचलेलं. मूळ मालाबद्दल सोडून बाकी कशातही तो खोटं बोलला नाही.

पहाटे साडेपाचला ट्रॅव्हल्सच्या डिकीतून डबा उतरला. आत कापडी पिशवी, पिशवीत वीतभर लांबीचं, तपकिरी डागांचं जाडसर पिल्लू. मी पेटीत नारळाचा भुसा पसरला होता, तो त्यात डोकं खुपसून गडप झाला. विचारलं तर म्हणे, "लाजाळू असतो." सतरा दिवस मी भुशाकडं बघत बसलो. उंदराचं पिल्लू ठेवलं, तसंच पडून राहिलं. चूक माझीच म्हणून रात्री उठून तापमान बघायचो.

आमच्या भागातले एक सर्पमित्र, त्यांना सगळे मामा म्हणतात, स्क्रीन बदलायला दुकानात आले. मी मोठ्या ऐटीत फोटो दाखवला. ते काही बोलले नाहीत, थेट घरी आले. जनावर अलगद उचललं आणि म्हणाले, "शेपटीवरून बोट फिरव." आखूड, बोथट शेपूट, आणि कानशीवरून बोट गेल्यासारखं खरखरीत. बॉल पायथनचे खवले गुळगुळीत असतात. "आता ओठ बघ. खळगे हायेत का?" बॉल पायथनच्या वरच्या ओठावर उष्णता ओळखणाऱ्या खळग्यांची रांग असते. इथं ओठ साफ कोरा.

"कामून दिले रे अकरा हजार? डुरक्या घोणस हाय हे. आपल्याच वावरातलं. वर्षाला लई निघतेत."

मग त्यांचा आवाज बदलला. "नशीब समज, डुरक्याच निघालं. अजगराचं पिल्लू समजून लोक खरी घोणस हातात घेतेत." डुरक्या बिनविषारी असतो, घोणस म्हणजे पाठीवर साखळीसारखे डाग, त्रिकोणी डोकं, डिवचली की कुकरसारखा फुत्कार, आणि पान लागलं तर थेट जिवावर. सतरा दिवस मी त्या भुशात उघडा हात घालत होतो.

रात्री कागद पुन्हा काढला. शास्त्रीय नाव होतं पायथन मोलुरस. तो तर आपला अजगर, कायद्याच्या अनुसूची एकमधला, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीतला! बॉल पायथन म्हणजे पायथन रेजियस. पायथन एवढा शब्द दिसला आणि मी पुढचं वाचलंच नव्हतं.

पैसे परत मागितले, फोन कट. दहा मिनिटांत दुसऱ्या नंबरवरून फोन: "वनविभागातून बोलतोय. तुमच्या घरात वन्यजीव आहे. पंधरा हजार टाका, मिटवून टाकू." पलीकडच्या खोलीत आई होती. मी पाच हजार पाठवले. अकरापेक्षा हे पाच अजून जास्त टोचतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागणी आली तेव्हा मामांनी 1926 ला, वनविभागाच्या हेल्पलाइनला, फोन लावला आणि गाडीवर बसवून मला खऱ्या ऑफिसात नेलं. जबाब, पंचनामा, साहेबांची बोलणी. विकणं गुन्हा आहे तसं विकत घेणंही, हे मला तिथं खुर्चीवर बसून ऐकावं लागलं. साप त्यांनी ताब्यात घेतला. 1930 वर सायबर तक्रार मी तिसऱ्या दिवशी केली. तोवर पैसे पुढच्या खात्यातून पुढं निघून गेले होते.

त्या पोरानं काल रात्रीच दोन हजार ॲडव्हान्स टाकला होता. मी म्हटलं, शेपटीचा आणि ओठाचा जवळून फोटो माग, आणि विकणाऱ्याच्या नावावरची परिवेशची नोंद माग. त्यानं काउंटरवर उभ्या उभ्या मेसेज टाकला. दोन निळ्या टिका आल्या. आम्ही दोघं स्क्रीनकडं बघत राहिलो. मग डीपी गेला.

मी त्याच्या हातातून फोन घेतला आणि 1930 दाबलं.