पॉवरपॉइंट: दाखवायला चांगलं, समजावायला तोकडं

नकाशे, फोटो, आलेख दाखवायला 5 पैकी 4 गुण. जिथे निर्णय घ्यायचाय अशा बैठकीसाठी जेमतेम 2.

नवी स्लाइड घेतली की वर मथळ्याची चौकट, खाली बुलेटची. खोट त्या खालच्या चौकटीत आहे. बुलेट लिहिताना ‘म्हणून’, ‘पण’, ‘तरीही’ हे शब्द आधी गळतात आणि कारण, परिणाम, शंका सगळं एका रांगेत उभं राहतं.

याचा सगळ्यात गाजलेला दाखला कोलंबिया यानाचा. जानेवारी 2003 मध्ये यान अवकाशात असताना, उड्डाणावेळी इंधनटाकीवरून सुटून पंखावर आदळलेल्या फोमच्या तुकड्यानं किती इजा झाली असेल, याचं विश्लेषण नासासमोर स्लाइडवर मांडलं गेलं. मथळा धीर देणारा होता. फोमचा अंदाजे आकार 1920 घनइंच, ज्या चाचणीचा आधार घेतला तिच्यातला तुकडा मात्र 3 घनइंच, ही ओळ सगळ्यात तळाशी. 640 पट फरक! म्हणजे ती चाचणी इथं लागू करणंच धोक्याचं. 1 फेब्रुवारीला परतताना यान तुटलं, कल्पना चावलासह सातही जण गेले. पंखाला भोक फोमनं पाडलं, स्लाइडनं नव्हे. पण चौकशी मंडळाच्या अहवालात या स्लाइडची स्वतंत्र चिरफाड आहे.

मजकूर मावेना की ऑटोफिट गुपचूप अक्षरं बारीक करतं. फॉरमॅट शेपमधल्या टेक्स्ट बॉक्समध्ये जाऊन ते बंद करा; मजकूर चौकटीबाहेर सांडू लागला की कात्री कुठे लावायची ते आपोआप कळतं.

मराठीत आणखी एक दुखणं. नेहमीच्या ऑफिस थीममध्ये ओळींतलं अंतर 0.9 असतं. रोमन लिपीला ते खपतं. देवनागरीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. पॅराग्राफमध्ये ‘मल्टिपल’ निवडून 1.1 किंवा 1.2 करा. आणि टाइप युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमधली फाइल सभागृहातल्या संगणकावर उघडली, आणि तिथे तो फॉन्ट नसला, की मथळ्याच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. पेनड्राइव्हवर पीडीएफ असलेली बरी.

हे साधन खरं खुलतं ते सगळ्यांनी एकाच वेळी एकाच गोष्टीकडे बघायचं असतं तेव्हा: धरणाचा आडवा छेद, एक्स-रे, गावाचा नकाशा. चित्र पूर्ण पडदाभर, मजकूर एक ओळ. चर्चा सुरू झाली की ‘बी’ दाबा, पडदा काळा होतो. मागची स्लाइड हवी असेल तर तिचा क्रमांक टाइप करून एंटर. उलटं चाळत बसायची गरज नाही. वीस रकान्यांचा तक्ता मात्र छापूनच वाटावा.

राहता राहिलं ‘बैठकीला नव्हतो, पीपीटी पाठव’. पडद्यासाठी केलेली स्लाइड वाचून काही कळत नाही, आणि वाचण्यासाठी भरलेली स्लाइड पडद्यावर चालत नाही. स्पष्टीकरण खालच्या नोट्समध्ये पूर्ण वाक्यांत लिहा आणि छापताना ‘नोट्स पेजेस’ निवडा: वर स्लाइड, खाली मजकूर.