ब्लेड तलावाची प्रदक्षिणा: पाणी डाव्या हाताला ठेवा

स्लोव्हेनियातल्या ब्लेड तलावाभोवतीची वाट साधारण 6 किलोमीटरची आहे आणि जवळजवळ सगळी सपाट. नेहमीच्या चालीने दीड तास लागतो. फोटो काढत, बाकांवर टेकत गेलात तर अडीच. कुठे डांबर, कुठे बारीक खडी, कुठे लाकडी फळ्या. गुडघ्यांचा त्रास असलेले आईवडील आणि बाबागाडीतलं मूल, दोघांनाही घेऊन जाता येतं. इतक्या कमी श्रमात किल्ला, बेट आणि आल्प्स एकत्र दाखवणाऱ्या वाटा फार नाहीत. फक्त दिशा नीट निवडायला हवी.

प्रदक्षिणा म्हटली की देव उजव्या हाताला ठेवायची आपली सवय. इथे उलट करा. बस स्टँडवरून तलावाकडे उतरलात की उजवीकडे वळा, म्हणजे पाणी डावीकडे राहील. याचं कारण किल्ला. तो उत्तर काठावर, पाण्यापासून सुमारे 130 मीटर उंच सरळ कड्यावर आहे. या काठाने जाताना आपण थेट त्याच्या पायथ्याशी असतो, त्यामुळे झाडी आणि खडक एवढंच दिसतं. तो पूर्ण दिसतो दक्षिण काठावरून. हा टप्पा शेवटी ठेवला की परतीच्या वाटेवर किल्ला सतत डोळ्यांसमोर राहतो आणि ऊन पाठीशी असल्याने कड्यावर उजेडही चांगला पडतो.

किल्ल्याचा पहिला लेखी उल्लेख 1011 सालचा. त्याआधी 1004 मध्ये जर्मन राजा दुसऱ्या हेन्रीने (तो पुढे सम्राट झाला) हा मुलूख ब्रिक्सेनच्या बिशपला दिला होता. वर जायची एक पायवाट सेंट मार्टिन चर्चपाशी सुरू होते. पंधरा-वीस मिनिटांचीच, पण चांगलीच चढाची. बाबागाडी इथे चालत नाही. वर लहान संग्रहालय, चॅपेल आणि जुन्या पद्धतीचा छापखाना आहे. तरी तिकिटाचे पैसे खरे वसूल होतात ते सज्जावरून तलाव पाहताना. म्हणून ढग खाली उतरले असतील तर चढू नका. हवा स्वच्छ असेल तर आधी किल्ला उरका आणि मग वाट धरा.

किल्ल्याखालून पश्चिमेकडे गेलं की छोटी झाका आणि मग मोठी झाका लागते; तलावाचा काठ आत वळून झालेल्या या दोन खोबणी. छोट्या झाकापाशी रोइंगचं केंद्र आहे. 1966, 1979, 1989 आणि 2011 अशा चार वेळा जागतिक स्पर्धा इथे झाल्या. पोहायचं असेल तर मोठी झाका उत्तम: उतरायला सोपी, आणि उन्हाळ्यात पाणी कोमट. तलावात कुठेही उडी मारायला परवानगी नाही, ठरलेल्या जागीच पोहा. बदकांना आणि हंसांना पाव टाकू नका. या तलावाला नैसर्गिकरीत्या मिळणारं ताजं पाणी कमी आहे, त्यामुळे पडेल तो कचरा आतच कुजतो आणि शेवाळ माजतं. पाणी खेळतं राहावं म्हणून 1964 मध्ये राडोव्ना नदीचं पाणी तलावात वळवावं लागलं.

बेट, चर्च आणि मागे किल्ला असा जो फोटो सगळीकडे दिसतो, तो या वाटेवरचा नाही. तो मोठ्या झाकाजवळून वर जाणाऱ्या ओय्स्त्रित्सा (611 मीटर) किंवा छोट्या ओसोय्नित्सा (685 मीटर) या टेकड्यांवरचा. तलाव 475 मीटरवर आहे, म्हणजे चढ खरा आहे: मुळं, सुटे दगड, लोखंडी जिना. सपाट वाटेच्या भरवशावर चपला घालून आलेले लोक इथेच घसरतात. पावसानंतर टाळाच. सकाळी ऊन समोरून येतं. फोटो हवा असेल तर दुपारनंतर चढा.

दक्षिण काठावर आधी व्हिला ब्लेड लागतो, युगोस्लाव्हियाचे नेते मार्शल टिटोंचं एकेकाळचं निवासस्थान. पुढे म्लिनो ही काठावरची वस्ती. म्लिनोच्या आसपास पदपथ मोटाररस्त्याला लागून आणि अरुंद आहे, लहान मुलांचा हात सोडू नका. हिवाळ्यात हा काठ टेकड्यांच्या सावलीत राहतो आणि उत्तरेकडचं बर्फ वितळलं तरी इथे निसरडंच असतं.

बेटावर जायचं तर म्लिनोहून अंतर कमी. तलावात मोटारबोटींना बंदी आहे. प्लेत्ना नावाच्या छपराच्या सपाट नावेत नावाडी उभा राहून दोन वल्ही मारतो. नाव भरली की सुटते आणि बेटावर साधारण 40 मिनिटं थांबते. रोख युरो जवळ ठेवा. वर 99 पायऱ्या आहेत, म्हणजे जवळपास पर्वतीइतक्याच. लग्नात नवऱ्याने नवरीला उचलून त्या चढायची इथली रीत आहे. चर्चमधली इच्छापूर्तीची घंटा 1534 सालची; ती वाजवायला चर्चचं वेगळं तिकीट लागतं. 40 मिनिटांत पायऱ्या, चर्च आणि फोटो एवढंच होतं, बेटावर खायला बसायचा बेत करू नका.

येताना एक चूक बरेच जण करतात. 'लेस्त्से-ब्लेड' हे रेल्वे स्टेशन तलावापासून 4 किलोमीटरवर आहे. तलावाजवळचं स्टेशन म्हणजे 'ब्लेड येझेरो', मोठ्या झाकाच्या वरच्या अंगाला. पण राजधानी ल्युब्लियानाहून तिथे यायला येसेनित्सेला गाडी बदलावी लागते. ल्युब्लियानाहून सरळ बसच घ्या, ती तलावापासून काही मिनिटांवर सोडते.

फेरी पूर्वेकडच्या पार्क हॉटेलपाशी संपवा. इथली क्रीमची वडी, क्रेमश्निता, 1953 पासून याच हॉटेलात बनते: खाली-वर खुसखुशीत पापुद्रे, मधे व्हॅनिला कस्टर्ड आणि फेटलेलं क्रीम, 7 सेंटिमीटरचा चौकोन. कस्टर्डमध्ये अंडं असतं, न खाणाऱ्यांनी आधीच ध्यानात ठेवावं. एक वडी दोघांना पुरते, आणि काटा वरून दाबला तर सगळं क्रीम बाजूने बाहेर येतं. आधी वरचा पापुद्रा उचलून वेगळा खा.