कॉलेज रोडवरचा मृत्युदर-तुलनेचा वर्ग: आरोग्य खात्यातल्या प्रत्येकाने करावा असा

मी तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात आकडेवारीचं काम करते. "अमुक तालुक्यात मृत्यू जास्त का?" हे बैठकीत हमखास विचारलं जातं आणि माना आमच्याकडे वळतात. म्हणून या शनिवार-रविवारच्या वर्गाला नाव नोंदवलं.

सर पहिल्याच तासाला लॅपटॉप मिटायला लावतात. फळ्यावर दोन राज्यं. केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीत २०२० साली केरळचा ढोबळ मृत्युदर, म्हणजे वय न बघता वर्षभरातले एकूण मृत्यू, हजारी ७.०, बिहारचा ५.४. म्हणजे बिहारची तब्येत बरी? त्याच वर्षी हजार जन्मांमागे अर्भकमृत्यू केरळात ६, बिहारमध्ये २७. केरळात म्हातारी माणसं जास्त, म्हणून एकूण दर वर जातो. मग प्रत्येक वयोगटाचा दर एकाच प्रमाण लोकसंख्येला (तुलनेसाठी दोघांनाही सारखीच धरलेली वयोगटांची विभागणी) लावून सगळा तक्ता हाताने करून घेतला. ओळीमागून ओळ गुणाकार करताना कुठल्या वयाने आकडा किती ओढला, ते डोळ्यांना दिसतं. हे एक्सेलमध्ये कधीच कळलं नसतं.

वयोगटवार मृत्यू विश्वासार्ह नसतील तर अप्रत्यक्ष पद्धत: राज्याचे दर तालुक्याच्या लोकसंख्येला लावून अपेक्षित मृत्यू काढायचे, प्रत्यक्ष मृत्यूंना त्यांनी भागायचं. पण अशी दोन तालुक्यांची गुणोत्तरं एकमेकांशी ताडायची नाहीत, कारण दोन्हीकडे वयांचं वजन वेगळं पडतं. हे सरांनी इतक्यांदा बजावलं, फार बरं झालं.

सगळ्यात मोलाची चर्चा नोंदणीवर झाली. आपल्याकडे मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. पेठ-सुरगाण्याचा पेशंट नाशिकच्या दवाखान्यात गेला की नोंद नाशिकची. राहता पत्ता लावून वेगळं केल्याशिवाय शहराचा दर उगाच चढतो आणि आदिवासी तालुक्याचं दुखणं कागदावर दिसतच नाही. मला हे फार लागलं.

कमी पडलं ते छोट्या आकड्यांवर. एखाद्या गावगटात वर्षाला १० मृत्यू असतील तर ९५ टक्के विश्वास-मर्यादा, म्हणजे योगायोगाचा चढउतार धरून खरा आकडा जिथे असू शकतो तो पल्ला, साधारण ५ ते १८ इतकी पसरते. मग पुढच्या वर्षी १४ झाले म्हणून धावाधाव करायची की नाही? आमचा रोजचा प्रश्न हाच, आणि तो रविवारी संध्याकाळी घाईघाईत उरकला. नोट्सही सगळ्या इंग्रजीत. आरोग्यसेवकांना पाठवायचं असेल तर त्या मराठीत हव्यातच.

फी वाजवी आहे. जाताना आपल्या तालुक्याचा वयोगटवार तक्ता बरोबर न्या, सर त्यावरच गणित घालतात.