जीजे-०६ नंबरची ती एसयूव्ही: पुरात बुडालेली गाडी आम्हाला कशी विकली गेली

सेकंडहँड महागडी एसयूव्ही घ्यायचं मनात असेल आणि गाडी दुसऱ्या राज्यातल्या पासिंगची असेल, तर टोकन देण्याआधी हे वाचा. आम्ही इथल्याच, इंदूरच्या एका डीलरकडून जीजे-०६ नंबरची गाडी घेतली. जीजे-०६ म्हणजे बडोदा. ऑगस्ट २०२४च्या शेवटी बडोद्यात विश्वामित्री नदीने धोक्याची पातळी ओलांडली, पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं आणि अकोटा, समा, फतेहगंज, सयाजीगंज या भागांत घराघरांत शिरलं. आमची गाडी त्या पाण्यात बुडालेली होती. डीलरला हे ठाऊक होतं.

गाडीचं नाव लिहीत नाही, कारण बनवणाऱ्या कंपनीचा यात काही दोष नाही. जर्मन बनावटीची, व्ही-एट इंजिन, दोन टर्बो, पाचशेच्या वर हॉर्सपॉवर, वजन सव्वादोन टनांच्या आसपास. नवी घ्यायची तर दीड कोटीच्या पुढे. आम्हाला ती ३८ लाखांत मिळाली. सहा-सात वर्षं जुन्या अशा गाडीचा भाव एवढा उतरणं काही वावगं नाही, म्हणून किमतीवरून शंका यायचं कारण नव्हतं. गाडीची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. टायर, ब्रेक डिस्क, एअर सस्पेन्शनचा स्ट्रट, सगळं दीड कोटीच्या गाडीच्या दरानेच येतं. शहरात लिटरला पाच-सहा किलोमीटर. हे सगळं आम्ही आधीच धरून ठेवलं होतं, त्यासाठी वेगळे पैसेही काढून ठेवले होते. मला गाडी चालवायची मनापासून आवड आहे आणि सुपर कॉरिडॉरवर पहाटे ती चालवताना जे वाटलं, ते खोटं नव्हतं. म्हणूनच राग जास्त आहे.

घेताना काय काय तपासलं, तेही सांगते. एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपवर आरसी पाहिली: मालक पहिला, कर्ज नाही, पीयूसी आहे. डीलरने स्कॅनर लावून दाखवला, एकही एरर नाही. आतून लेदर चकचकीत. गाडी बडोद्याची म्हणून मी सरळ विचारलं, पुराचं काय? तो म्हणाला, “मॅडम, पानी तो छोड़ो, इस गाड़ी ने कीचड़ तक नहीं देखा.” शेजारी त्याचा मुनीम बसला होता, त्याने मान हलवली. इन्शुरन्सची पॉलिसी दाखवली, त्यात नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, शून्य होता. मी विचारलं, इतकी जपलेली गाडी, मग बोनस शून्य कसा? तो म्हणाला, गाडी विकली की बोनस जातोच, तो मालकाचा असतो, गाडीचा नसतो.

सगळी फसवणूक या एका उत्तरात आहे. बोनस मालकाचा असतो, हे खरं. पण ती पॉलिसी ऑक्टोबर २०२४ची होती आणि बडोद्याच्या जुन्या मालकाच्याच नावावर होती. गाडी तेव्हा कागदोपत्री विकली गेलेलीच नव्हती. सलग पाच वर्षं क्लेम न घेणाऱ्याला ५० टक्के बोनस मिळतो, आणि एक क्लेम घेतला की तो शून्यावर येतो. पहिल्या मालकाच्या नावावरच्या, सहा वर्षं जुन्या गाडीच्या पॉलिसीत शून्य दिसणं याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो: मागच्या वर्षी क्लेम झालाय. त्याने खऱ्या नियमाच्या आडून खोटं सांगितलं. तुम्हाला कुणी असंच सांगितलं, तर पॉलिसीवर नाव कुणाचं आहे ते आधी बघा आणि त्याच्या आधीच्या वर्षाची पॉलिसी मागा. ती नाही म्हणाले, तर तिथून उठा.

सुरुवातीला गाडी उत्तम चालली. पुरातल्या गाडीची खरी मेख इथेच आहे. इंजिन धुऊन, तेल बदलून, सीटा काढून सुकवून गाडी चालू करता येते. पण या गाड्यांचे कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीच्या यंत्रणा चालवणारे छोटे कॉम्प्युटर, सीटखाली, कार्पेटखाली, डिकीच्या खोलगट भागात असतात. आतला आवाज कमी करायला कार्पेटखाली जाड फोम असतो. त्यात नदीचा गाळ बसला की ओल महिनोन्महिने टिकते. वायरच्या तांब्याच्या बारीक तारांमधून पाणी आतल्या आत सरकत दूरच्या कनेक्टरपर्यंत जातं, आणि ज्या पिनेत सतत करंट असतो ती आधी गंजते. आज एक सेन्सर बंद, पुढच्या आठवड्यात दुसरा. प्रत्येक वेळी वाटतं, हा एक भाग बदलला की झालं.

आधी एअर सस्पेन्शनचा इशारा आला, सकाळी गाडी मागून खाली बसलेली दिसायची. कंप्रेसर बदलला. मग एअरबॅगचा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. मग खंडवा रोडवर, भेरूघाट चढत असताना गाडी एकदम लिम्प मोडमध्ये गेली, म्हणजे बिघाड दिसला म्हणून तिने स्वतःच आपली ताकद कमी केली. डॅशबोर्डवर एकामागून एक इशारे, गियर अडकलेला, अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी ओढ नाही. मागून भरलेला ट्रक हॉर्न देत येत होता, मागच्या सीटवर माझी दोन्ही मुलं होती. नवऱ्याने खाली उतरून हात दाखवून ट्रक थांबवला, तेव्हा कुठे मला गाडी कडेला घेता आली. पाचशे हॉर्सपॉवरच्या गाडीचे ब्रेक, स्टेबिलिटी, एअरबॅग हे सगळं त्या युनिटांच्या भरवशावर असतं. असली गाडी विकणारा फक्त पैसे खात नाही, तो माणसांच्या जिवाशी खेळतो.

देवास नाक्याच्या एका मिस्त्रींनी ड्रायव्हरची सीट काढून कार्पेट उचललं. खाली पिवळट, बारीक गाळ होता, बोटाने उचलला तर पिठासारखा. फोम दाबला तर पाणी सुटलं. सीटखालच्या कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. मग त्यांनी सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढायला लावला. जो भाग कायम आत गुंडाळलेला राहतो, त्यावर पाण्याची आडवी रेघ स्पष्ट दिसत होती. मिस्त्री म्हणाले, “ताई, लेदर पुसता येतं, बेल्टचं टोक कुणी पुसत नाही.” हे दोन मिनिटांचं काम आहे, कुठल्याही यार्डात करता येतं: बेल्ट शेवटपर्यंत ओढायचा, सीटच्या रुळांचे बोल्ट बघायचे, डिकीतली स्टेपनी काढून खालचा खड्डा बघायचा. स्कॅनरवर मात्र विसंबू नका. एरर आदल्या दिवशी पुसता येतात. स्कॅन करणाऱ्याला ‘रेडिनेस’, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या आहेत का, ते बघायला सांगा; बऱ्याच तपासण्या अपूर्ण दिसल्या, तर मेमरी नुकतीच पुसली आहे किंवा बॅटरी काढली होती असं समजा.

माझा आतेभाऊ बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. आरसीवरचा पत्ता अकोट्याचा होता. दादा तिथे जाऊन त्या गृहस्थांना भेटला. भला माणूस. त्यांनी काहीच लपवलं नाही: बेसमेंट भरलं, पाणी डॅशबोर्डच्या वर गेलं, विमा कंपनीने टोटल लॉस धरून पैसे दिले. दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांहून जास्त जात असेल तर गाडी अशी निकालात काढतात आणि मग ती लिलावात भंगार म्हणून जाते. त्यांच्याकडून गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेतल्या होत्या. नवीन पॉलिसी आपल्या नावाने निघाली आहे, हे त्यांना दादाकडूनच कळलं. क्लेमच्या पत्राची प्रत त्यांनी स्वतःहून दिली.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्या विकणाऱ्या डीलरला परिवहन खात्याकडून अधिकृततेचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि मालकाने गाडी डीलरकडे दिल्याची नोंद फॉर्म २९सी वर करावी लागते. आमच्या डीलरकडे यातलं काहीच नव्हतं. डिलिव्हरी नोटवर मात्र बारीक अक्षरात ‘जशी आहे तशी’ छापलेलं होतं. वकिलांचं म्हणणं, माहीत असलेला दोष विचारल्यावरही लपवला असेल, तर त्या ओळीच्या आड त्याला लपता येणार नाही. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८खाली अर्ज दिला आहे. दिलेली रक्कम ५० लाखांच्या आत असल्याने जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार केली आहे. त्याला दोन वर्षांची मुदत असते. डीलरचे सगळे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, कीचड़वालं उत्तर मी पुन्हा लेखी मागितलं होतं ते धरून, जपून ठेवले आहेत. बोलणं झालं की त्याच दिवशी मेसेजवर खात्री करून घ्या, ही एक गोष्ट आम्हाला खरंच कामाला आली.

नोटीस गेल्यावर डीलरचा माणूस घरी आला. निम्म्या किमतीत गाडी परत घेतो, तक्रार मागे घ्या, म्हणाला. गाडीचं काय करणार, विचारलं. ग्वाल्हेरला एक पार्टी आहे, म्हणाला. सासूबाई आतून ऐकत होत्या, त्यांनीच बाहेर येऊन त्याला दार दाखवलं. पैशांची ओढाताण आहे, हप्ता चालूच आहे, तरी या बाबतीत घरात कुणाचंच दुमत झालं नाही. गाडीची तज्ज्ञाकडून तपासणी व्हावी म्हणून वकिलांनी आयोगाकडे अर्ज दिला आहे. अहवाल येईपर्यंत गाडी दुरुस्त करायची नाही आणि कुणाला विकायचीही नाही.