मांजराला आतडी टाकणारी नायिका

लेक नववीत आहे. तिच्या उशाखालून ढापून सुझान कॉलिन्सचं ‘द हंगर गेम्स’ (२००८) दोन रात्रींत संपवलं. चोवीस मुलांना एकमेकांना मारायला सोडायचं, हे कळल्यावर खरं तर पुस्तक मिटलंच होतं. त्यातल्या माणसांनी परत उघडायला लावलं.

कॅटनिस सोळा वर्षांची, घरातली कर्ती. गोडबिड अजिबात नाही. धाकट्या बहिणीने, प्रिमने आणलेलं रोगट मांजर तिने बादलीत बुडवायला घेतलं होतं. आता शिकार साफ करताना त्याला आतडी टाकते, ते फिसकारत नाही, झालं. त्या जीवघेण्या खेळासाठी मुलं चिठ्ठ्या काढून निवडतात; जादा धान्य-तेल हवं तर नावाच्या जादा चिठ्ठ्या टाकायच्या. कॅटनिसच्या वीस, तिचा शिकारीतला मित्र गेलच्या बेचाळीस, प्रिमची एकच. निघते नेमकी तीच! मग तिच्या जागी कॅटनिस खेळात उतरते.

पण माझा आवडता हेमिच, खेळात तिला बाहेरून मदत पाठवू शकणारा तिचा मार्गदर्शक. कायम दारूत बुडालेला. कॅटनिस तहानेने व्याकूळ होऊन पाणी मागते, हा पाठवत नाही. मग तिला उमगतं, पाणी जवळच असणार. एक शब्द न बोलता केवढं बोलला हा माणूस!

तिच्यासोबत निवडला गेलेला पीटा भला, जरा जास्तच भला. खेळातल्या चिमुरड्या रूच्या वेळी मी रडले. केटो, क्लोव्ह हे प्रतिस्पर्धी मात्र नुसते दांडगट, त्यांच्या घरचं काहीच कळत नाही. गेल तर बिचारा जवळजवळ आठवणींपुरताच.

दुसरा भाग लेकीने आणलाय. या वेळी कपाटाला कुलूप आहे.